मधाचा थेंब आणि जगण्याचा अर्थ

कुरुक्षेत्रावरचे युद्ध संपले आहे. शंभर मुलगे गेले आहेत आणि धृतराष्ट्र शोकाने सैरभैर झाला आहे. अशा वेळी विदुर त्याला एक गोष्ट सांगतो. महाभारताच्या स्त्रीपर्वात ती आहे. हिंस्र श्वापदांनी भरलेल्या अरण्यात एक ब्राह्मण वाट चुकतो. पळता पळता वेलींनी झाकलेल्या आडात पडतो आणि त्याच वेलींत अडकून, खाली डोके वर पाय, असा लोंबकळत राहतो. आडाच्या तळाशी मोठा साप आहे. काठावर सहा तोंडांचा, बारा पायांचा हत्ती येऊन उभा राहिला आहे. वरच्या झाडाची मुळे काळे आणि पांढरे उंदीर कुरतडत आहेत. त्या झाडावर मधमाश्यांचे पोळे आहे, त्यातून मध ठिबकतो, आणि हा माणूस सगळी भीती विसरून तो चाटत राहतो. त्याची तृप्ती होत नाही आणि त्याला जगण्याचा वीटही येत नाही.

धृतराष्ट्र विचारतो, कुठे आहे हा बिचारा, आणि त्याची सुटका कशी होईल? मग विदुर एकेक गोष्ट उलगडून सांगतो. अरण्य म्हणजे संसार, आड म्हणजे देह, साप म्हणजे काळ, हत्ती म्हणजे सहा ऋतूंचे आणि बारा महिन्यांचे वर्ष, उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस. वेल म्हणजे जगण्याची आशा. आणि मध म्हणजे विषयसुखाचा रस.

जगण्याला अर्थ असतो का, आणि असला तर तो कशात असतो, या प्रश्नाच्या अभ्यासाकडे येणाऱ्या वाचकाचे स्वागत या गोष्टीने करावेसे वाटते, कारण या विषयात इतका प्रवास केलेली दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल. जैन परंपरेत ती 'मधुबिंदू' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या एका रूपात विमानातून जाणारा विद्याधर त्या माणसाला वर काढायला हात देतो, तर हा म्हणतो, थांबा, एवढा एक थेंब पडू द्या. पंचतंत्र इराणात नेणारा सहाव्या शतकातला वैद्य बुर्झोए याच्या नावे 'कलीला व दिम्ना' या ग्रंथात एक आत्मकथनपर प्रकरण आहे, त्यात ती पुन्हा भेटते. तिथे आडात चार साप आहेत आणि ते शरीरातले चार दोष आहेत. वैद्याची नजर अशी गोष्टीत उतरली आहे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने हा ग्रंथ अरबीत आणला. पुढे 'बार्लाम आणि जोसाफट' या ख्रिस्ती संतकथेतून ती युरोपभर पसरली. ही संतकथा मुळात बुद्धचरित्राचेच रूपांतर आहे आणि जोसाफट या नावामागे बोधिसत्त्व आहे. इटलीतल्या पार्मा शहरात बाप्तिस्मागृहाच्या एका दारावर बेनेदेत्तो आंतेलामी या शिल्पकाराने झाडावर बसलेला तो माणूस, खालचा अजगर आणि मुळाशी लागलेले प्राणी दगडात कोरून ठेवले आहेत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पूर्वेकडची एक जुनी कथा' म्हणून ती लेव टॉलस्टॉय यांच्या हाती आली.

चित्र तेच राहिले आणि त्याचा अर्थ दर मुक्कामी थोडा हलत गेला. माझे म्हणणे एवढेच आहे की या विषयातले बहुतेक मोठे वाद शेवटी मधाविषयीचे वाद आहेत. साप आणि उंदीर कोणी नाकारत नाही. तो गोडवा खरा आहे का, पुरेसा आहे का, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो, यावर माणसे वेगळी होतात. कोणताही विचारवंत वाचायला घेतला की आधी हे पाहावे, त्याचे मधाविषयी काय मत आहे आणि तो स्वतः गोष्टीत कुठे उभा आहे. तो लटकलेला आहे की काठावरून पाहतो आहे?

टॉलस्टॉय लटकलेले होते. वय पन्नाशीचे, 'युद्ध आणि शांती' व 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहून झालेल्या, कीर्ती, जमीनजुमला, भरले घर, उत्तम प्रकृती. आणि नेमक्या त्या वेळी त्यांना एक प्रश्न घेरतो. हे सगळे कशासाठी, आणि पुढे काय? 'कन्फेशन' या नावाने इंग्रजीत ओळखल्या जाणाऱ्या आत्मनिवेदनात त्यांनी ही अवस्था लिहिली. रशियन सेन्सॉरने ते अडवले आणि १८८४ मध्ये ते जिनिव्हात छापले गेले. त्यात ते सांगतात की आपल्यासाठी मधाचे दोन थेंब होते, कुटुंबावरचे प्रेम आणि लेखन. पण अजगर दिसला आणि दोन्ही थेंबांची गोडी गेली. विदुराच्या गोष्टीतला माणूस मधामुळे अजगर विसरतो. टॉलस्टॉय यांना अजगरामुळे मध लागेनासा झाला. एकच चित्र, पण रोग उलट आहे, आणि आधुनिक काळातल्या या विषयाची सुरुवात मला या उलटण्यात दिसते. त्यांना पुढे जी वाट सापडली ती पुस्तकांत सापडली नाही. आपल्या वर्गातल्या लोकांकडे पाठ फिरवून ते कष्टकरी शेतकऱ्यांकडे पाहू लागले. ही माणसे राबतात, सोसतात, मरतात, आणि तरी त्यांना जगणे निरर्थक वाटत नाही, ते का? त्यांनी उत्तर दिले, श्रद्धा. हे उत्तर पटो न पटो, प्रश्न विचारण्याची जागा त्यांनी बदलली.

विसाव्या शतकातल्या व्यावसायिक तत्त्वज्ञांनी प्रारंभी या प्रश्नाला जवळ येऊ दिले नाही. त्यांना तो धूसर वाटे. म्हणूनच व्हिएन्ना मंडळाचे अध्वर्यू मोरिट्झ श्लिक यांचा १९२७ चा निबंध लक्षात ठेवण्याजोगा आहे. पडताळता न येणारी विधाने बाजूला सारणाऱ्या या मंडळाच्या प्रमुखानेच जगण्याच्या अर्थावर लिहिले, आणि लिहिले ते खेळाविषयी. जी कृती दुसऱ्या कशासाठी करायची नसते, जी करण्यातच पुरी होते, तिथे अर्थ असतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते मधात काहीही खोटे नाही, मात्र तो चाटताना पुढच्या थेंबाचा हिशेब करू नये.

१९७० मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड टेलर यांनी सिसिफसची ग्रीक कथा नव्याने मांडली. फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांनी १९४२ मध्ये तिला आपल्या निबंधाचे केंद्र केले होते. सिसिफसला शिक्षा अशी, की दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, तो पुन्हा खाली गडगडणार, आणि हे कायम. टेलर म्हणतात, समजा देवांनी दया येऊन त्याच्या रक्तात दगड ढकलण्याची तीव्र ओढच घातली, तर? दगड तोच, डोंगर तोच, पण आता त्याला हवे ते करायला मिळते आहे. टेलर यांचा कल असा की अर्थ आतूनच येतो, या ओढीतून. थॉमस नेगेल यांनी पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, आणखी एक गाठ सोडवली. आयुष्य क्षणभंगुर आहे म्हणून निरर्थक आहे, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण सत्तर वर्षांचे आयुष्य निरर्थक असेल तर अनंत काळ चाललेले तेच आयुष्य अनंतपटींनी निरर्थक होईल. म्हणजे उंदीर हाकलून लावले तरी प्रश्न शिल्लक राहतो. नवख्या वाचकाने हा युक्तिवाद शांतपणे तपासावा. पुष्कळ दुःखी विचारांचा पाया त्याने हलतो.

सुझन वुल्फ यांनी टेलर यांना जे उत्तर दिले ते मला या क्षेत्रातले सर्वांत उपयुक्त वाटते. त्यांचे व्याख्यानरूप पुस्तक २०१० मध्ये आले. ओढ असलेला सिसिफस समाधानी असेल, पण त्याचे आयुष्य अर्थपूर्ण म्हणावे का, असे त्या विचारतात. नुसती आवड पुरत नाही, आणि नुसते मोठे काम आवडीशिवाय केले तर तेही पुरत नाही. जे खरोखर प्रेमाला पात्र आहे त्याच्यावर प्रेम जडणे आणि त्यासाठी काही करता येणे, तिथे अर्थ असतो. लगेच अडचण उभी राहते. पात्र काय, हे ठरवायचे कोणी? वुल्फ ही अडचण लपवत नाहीत आणि तिचे पक्के उत्तरही देत नाहीत.

इथे मराठी वाचकाच्या हातात एक साधन आहे, जे या चर्चेत अजून पुरेसे आलेले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक आहेत. दळण हे काम सिसिफसच्या कामासारखेच आहे. आज दळले तरी उद्या पहाटे पुन्हा दळायचे, आयुष्यभर. गावात गिरणी आली आणि बायकांचे हे कष्ट सुटले, ते फार चांगले झाले. जात्याचे गोडवे गाण्याची काही गरज नाही. पण त्या कष्टांत बसून बायकांनी भाऊ, आई, लेक, सासर, विठ्ठल, सीता, एकटेपणा आणि बाईचा जन्म यांविषयी विचार केला, तो शब्दांत बांधला आणि शेजारी बसलेल्या बाईला ऐकवला. टेलर म्हणतील अर्थ ओढीत आहे, पण दळण्याची ओढ या बायकांना नव्हती. वुल्फ विचारतील हे काम पात्र आहे का, तर पिठाशिवाय घर चालत नाही. दोघांच्याही मांडणीत न मावणारे काहीतरी तिथे घडत होते. लादलेल्या कामाच्या आत आपली अशी एक जागा तयार होत होती, आणि ती दोघींच्या आवाजाने तयार होत होती. तत्त्वज्ञांची उदाहरणे पाहिली तर सिसिफस एकटा, आडातला माणूस एकटा, टॉलस्टॉय एकटे. ओवीतला 'मी' सहसा कोणाला तरी हाक मारत असतो. अर्थाचा प्रश्न एकट्याचाच आहे, हे गृहीतक या ओव्या वाचल्यावर तसेच ठेवता येत नाही.

वारकरी संतांकडे याच दृष्टीने पाहावे. मोक्ष हे अंतिम ध्येय मानणाऱ्या परंपरेच्या कुशीत राहून तुकोबा मुक्ती बाजूला ठेवतात, आणि नाम व संतांचा संग मिळणार असेल तर पुन्हा जन्माला घाल, असे देवाला मागतात. विदुराचा श्रोता सुटकेची वाट विचारतो, आणि इथे कोणी आडातच परत यायला तयार आहे, सोबत चांगली असली म्हणजे झाले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त हाच झगडा शास्त्राच्या भाषेत केला. ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे, या शांकर संन्यासमार्गी वाचनाविरुद्ध त्यांनी ज्ञानानंतरही लोकसंग्रहासाठी कर्म करीतच राहावे, असा पक्ष मांडला.

पण गोष्टीचा पायाच बदलला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा आपण लहानपणापासून ऐकतो. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्या मांडणीत गृहत्यागाचे कारण आहे शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघात त्याचे मत हरते आणि तो परिव्रज्या पत्करतो. पुढे दोन्हीकडे समेट झाल्याचे त्याला कळते, तरी तो परत फिरत नाही, कारण तंटा मिटला तरी माणसामाणसांतल्या संघर्षाचा प्रश्न उरतोच, हे त्याच्या ध्यानात आले आहे. दुःखाचे मूळ इथे मरणात नाही. ते पाण्याच्या वाटपात आहे, एकाने दुसऱ्याशी कसे वागायचे यात आहे. महाडच्या तळ्यासाठी ज्यांनी सत्याग्रह केला, त्यांनी बुद्धचरित्राच्या आरंभी पाण्याचा तंटा ठेवावा, हे वाचताना मन थरारते. मध कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न इतक्या थेटपणे या क्षेत्रात फार थोड्यांनी विचारला आहे.

मानसशास्त्राच्या अंगाने झालेल्या कामाविषयी थोडक्यात सांगतो. ऑशविट्झसह नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिक्टर फ्रँकल यांचे १९४६ चे पुस्तक अनेकांचे पहिले पुस्तक ठरते, आणि ठरावेही. अलीकडे मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात आयुष्याला अर्थ आहे असे वाटणे आणि तो शोधत असणे, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. हा भेद मोलाचा आहे. मात्र वाटणे मोजले म्हणजे असणे मोजले, असा समज करून घेऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या विषयाकडे काही जण कुतूहलाने येतात आणि काही जण अतिशय थकलेल्या मनाने. जगणेच नकोसे झाले असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर आधी जवळच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे. टॉलस्टॉय यांनीही त्या काळात घरातली दोरी दृष्टीआड केली आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणे थांबवले. युक्तिवादाचा निकाल लागेपर्यंत त्यांनी स्वतःला जपले. तेवढे शहाणपण प्रत्येकाने करावे. पुस्तके वाट पाहतात.

ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी स्त्रीपर्वातला विदुराचा उपदेश आधी वाचावा, त्याला तासभरही लागणार नाही. मग टॉलस्टॉय यांचे आत्मनिवेदन आणि आंबेडकरांच्या ग्रंथाचा पहिला खंड ही दोन्ही पाठोपाठ वाचावी, मध्ये दुसरे काही न घेता. नेगेल आणि वुल्फ त्यानंतर. आणि ओव्या केव्हाही, शक्य असेल तर छापील पानावर वाचण्याऐवजी ध्वनिमुद्रित ऐकाव्यात, कारण दुसरी बाई कुठे सूर मिसळते ते कागदावर कळत नाही.