नागरिक सेनापती सर जॉन मोनॅश

सेनापती म्हटला की छावणीत वाढलेला, लष्करी विद्यालयातून बाहेर पडलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर ऑस्ट्रेलियाच्या फौजेचे नेतृत्व करणारे सर जॉन मोनॅश मात्र पेशाने इंजिनियर आणि काँक्रीटचे व्यावसायिक होते. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा त्यांचे वय ४९ होते, आणि तोवरचे त्यांचे सैनिकी जीवन म्हणजे कामधंदा सांभाळून केलेली कवायत!

त्यांचा जन्म २७ जून १८६५ रोजी मेलबर्न येथे झाला. आईवडील प्रशियातून आलेले ज्यू. वडिलांनी काही वर्षे जेरिल्डेरी नावाच्या आडगावी दुकान चालविले. तेथील शिक्षकाने मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला शहरात शिकवा असा सल्ला दिला. आई मुलांना घेऊन मेलबर्नला परतली. १८८१ साली जॉन शाळेत पहिला आला. पण विद्यापीठात पाऊल टाकताच अभ्यास सोडून इतर गोष्टींत रमला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. १८८५ साली आई वारली. शिक्षण अर्धवट टाकून तो पुलाच्या बांधकामावर नोकरीला लागला. यापुढची जिद्द आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. नोकरी करता करता या तरुणाने इंजिनियरिंग, कायदा आणि कला अशा तिन्ही शाखांच्या पदव्या १८९५ पर्यंत पदरात पाडून घेतल्या.

१८९४ साली त्यांनी अँडरसन या मित्राशी भागीदारी करून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट तेव्हा नवे होते. त्याचे पूल ते बांधू लागले. धंदा सुखाचा नव्हता. १९०१ साली बेंडिगो गावचा त्यांचा एक पूल चाचणीच्या वेळीच कोसळून एक मनुष्य दगावला. तो पूल पुन्हा बांधून द्यावा लागला, कज्जेखटले झाले, डोक्यावर कर्ज चढले. ते फेडून सुस्थितीत येण्यास कित्येक वर्षे गेली. या सर्व धकाधकीत १८८४ पासून चालू असलेली हौशी सैनिकाची चाकरी मात्र त्यांनी सोडली नाही.

१९१५ साली ते चौथ्या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून गॅलिपोलीच्या डोंगरांत लढले. समोर तुर्की फौजेत मुस्तफा केमाल होते, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. ती मोहीम फसली. पण मोनॅश यांची खरी कसोटी १९१८ साली लागली. मे महिन्याअखेर ऑस्ट्रेलियन कोअरचे सेनापतिपद त्यांच्याकडे आले, आणि लगेच त्यांना हटविण्याची खटपट सुरू झाली. युद्धवार्ताहर बीन आणि पत्रकार मर्डॉक हे त्यात पुढे होते. मोनॅश ज्यू, त्यांचे घराणे जर्मन मुलखातले, शिवाय ते पेशाने सैनिक नव्हेत! पंतप्रधान ह्यूज स्वतः फ्रान्सला आले. त्यांनी आघाडीवरच्या अधिकाऱ्यांचे मत विचारले. ते सारे मोनॅश यांच्या बाजूचे निघाले. आपली खटपट अनाठायी होती, हे बीन यांनी पुढे मान्य केले.

मोनॅश यांनी स्वतः या गोष्टीचा गवगवा केला नाही. ते हामेल गावच्या लढाईची आखणी करीत होते. मोठ्या बांधकामाचा कंत्राटदार जशी कामाची यादी करतो तशी १३३ बाबींची यादी त्यांनी अधिकाऱ्यांच्या सभेपुढे ठेवली. तोफखाना, रणगाडे, विमाने, पायदळ यांची वेळ मिनिटामिनिटाने जुळविली. दारूगोळा विमानांतून हवाई छत्रीने खाली सोडला. पायदळाच्या जिवाची किंमत यंत्रांनी चुकवावी, असा त्यांचा हिशेब होता. ४ जुलैला लढाई झाली. अंदाज ९० मिनिटांचा होता, ९३ लागली. ८ ऑगस्टच्या आमियाँच्या विजयातही त्यांचा मोठा वाटा होता, आणि १२ ऑगस्टला पंचम जॉर्ज बादशहांनी रणभूमीजवळच त्यांना ‘सर’ केले.

युद्ध संपल्यावर हजारो सैनिकांना घरी पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे आले. जहाजाची वाट पाहणाऱ्या जवानांसाठी त्यांनी शिक्षणाची सोय करविली. मला तर ही गोष्ट लढाईहून मोठी वाटते. १९२१ पासून ते व्हिक्टोरिया राज्याच्या वीज मंडळाचे अध्यक्ष होते. यालोर्नच्या खाणीतला तपकिरी कोळसा इतका ओला की त्यापासून वीज होणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. १९२४ साली त्याच कोळशाची वीज मेलबर्नला पोहोचली. १९२३ पासून अखेरपर्यंत ते मेलबर्न विद्यापीठाचे कुलगुरूही होते, जेथे ते एकदा नापास झाले होते!

१९३० च्या सुमारास मंदीने देश हवालदिल झाला. काही मंडळींनी मोनॅश यांना गळ घातली की, तुम्ही सत्ता हाती घ्या. फौजेत त्यांचा शब्द खाली पडत नसे, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. त्यांनी साफ नकार दिला. मतपेटी आणि शिकलेला मतदार यांवाचून ऑस्ट्रेलियाला दुसरा तरणोपाय नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठविले.

१९३१ च्या आरंभी नवी दिल्लीच्या उद्घाटनासाठी आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते हिंदुस्थानात येऊन गेले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेस अडीच लाखांवर माणसे लोटली असा अंदाज आहे. थडग्यावर पदव्या वा हुद्दे न घालता केवळ नाव असावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. १९५८ साली मेलबर्नमध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. त्याच विद्यापीठाने मुंबईच्या आयआयटीशी मिळून २००८ साली पवईला संशोधन अकादमी सुरू केली.