एम्प्रेस मिल आणि वऱ्हाडी कापसाची वाट

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापडधंद्याचे केंद्र मुंबई असताना नागपूरची निवड का व्हावी, याचे उत्तर यंत्रशाळेपेक्षा मालाच्या प्रवासात शोधणे अधिक युक्त होय.

रेल्वेपूर्व काळात वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून व गाड्यांतून बंदराकडे जाई. वाटेतील धूळ, पाऊस आणि हातबदल यांमुळे त्याची प्रत खालावे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) या कापसाला लँकेशायरची मागणी मिळाली. १८६५ मध्ये थळघाटाची चढण रेल्वेने ओलांडली, १८६७ मध्ये ती नागपुरास पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावची शाखा खुली झाली.

तथापि कापूस मुंबईस नेऊन तयार सूत पुन्हा मध्यप्रांतात विकणे म्हणजे दुहेरी भाडे भरणेच होते. नागपुरात कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि स्थानिक ग्राहक ही तिन्ही जवळ होती. जमशेटजींची स्पर्धेतील सरशी बव्हंशी या सान्निध्यातून आली.

मात्र या लाभाची वाटणी सारखी झाली नाही. रेल्वेमुळे लमाणांचा वाहतुकीचा व्यवसाय ओसरला. सावकार व अडत्या यांच्यावरील शेतकऱ्याचे अवलंबन मात्र टळले नाही. व्यापाराच्या साखळीचा इतिहास लिहिताना ती किती आखडली याबरोबरच तिची कोणती कडी दुबळी राहिली, हेही तपासले पाहिजे.