शिल्लक तीनशे तीस

वैज्ञानिक आणि अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्या गृहस्थाला समाजात फारसा मान नसतो. चरित्रं वाचणारा विचारवंत ठरतो, गाथा वाचणारा सज्जन ठरतो आणि शेअर बाजाराचं पान वाचणारा तर कर्ता पुरुषच ठरतो. पण बँकेच्या काउंटरवर बसणारा, डोक्यावर चंद्रकोर उगवू लागलेला एखादा बी.कॉम. जेवणाच्या सुट्टीत मंगळावरच्या माणसांची गोष्ट वाचताना सापडला, की नोट उजेडात धरून पाहावी तसं लोक त्याच्याकडे पाहतात. त्यातून तो अलिबागचा! ‘अलिबागसे आया है क्या?’ हा प्रश्न मुंबईकरांनी इतका लोकप्रिय केला, की तो बंद करावा म्हणून २०१९ साली उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने ती फेटाळली. तेव्हा आमचं भोळेपण आता कायद्यातही बसतं.

वास्तविक अद्भुताशी आमच्या किनाऱ्याचं नातं फार जुनं. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. एक घोडा विकून चार पैसे करावेत, एवढाच त्याचा हेतू. पण त्याने हिंदुस्थानचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्यात तोंडातून आग काढणारा पक्षी आहे आणि पदरी फौज बाळगणारा वानरांचा राजाही आहे. रेवदंड्याला या गृहस्थाचं स्मारक आहे. विज्ञानाचं म्हणाल, तर १९०४ सालापासून अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून ते काम उचलून इकडे आणलं. मुंबईला ट्राम मिळाली, आम्हाला पृथ्वी मिळाली. ट्राम १९६४ साली बंद पडली. पृथ्वी अजून चालू आहे.

तर अशा गावात राहणाऱ्या माणसापुढचा प्रश्न असा, की आता पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं?

प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण मी आकडेमोड केली आहे. माझं वय शेहेचाळीस. डोळे शहात्तरपर्यंत साथ देतील असं धरू. महिन्याला एक पुस्तक. मार्चअखेरीला बँकेतला माणूस फक्त ताळेबंद वाचतो, म्हणून दरसाल अकरा. म्हणजे तीस वर्षांची तीनशे तीस पुस्तकं. हे खातं असं आहे, की त्यात भरणा करता येत नाही, फक्त काढता येतं. मग दर वेळी काय काढायचं, याचा विचार नको का करायला?

आपल्या पूर्वजांना ही चिंता नव्हती. १८६०च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. १८६८ साली रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. जे छापून आलं ते वाचायचं, आणि पुढचं येईपर्यंत तेच पुन्हा वाचायचं. १९०० साली ‘केरळकोकिळ’ मासिकात ‘चंद्रलोकची सफर’ येऊ लागली, ती मूळची ज्यूल व्हर्नची. तेव्हा वाचकापुढे एकच प्रश्न असे, तो म्हणजे पुढचा अंक कधी येणार! पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली १९१३ साली. गो. ना. दातारांनी लंडनच्या रेनॉल्ड्ससाहेबाला धोतर नेसवून ‘कालिकामूर्ति’सारख्या कादंबऱ्यांतून घरोघर पोहोचवलं. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी त्यापायी रॉकेल जाळलं आणि वडिलांचा मार खाल्ला.

मग निवडून देणारी माणसं आली. अनंत अंतरकरांनी ‘नवल’ मासिक काढलं. त्यात भुतं, चोर, परग्रह आणि शिकारी अशी सगळी मंडळी एकाच पंगतीला बसत. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिलं. त्यांची ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचल्यावर माझ्या पिढीतल्या पोरांना मुक्काम पोस्ट रोहा फारच जवळ वाटू लागलं. नारायण धारपांनी रात्री उठून पाणी प्यायला जायची आमची हिंमत कायमची काढून घेतली, आणि जाता जाता ‘नेनचिम’सारखी वैज्ञानिक कादंबरीही हातात ठेवली. या लोकांवर आमचा विश्वास होता. ते वाढतील ते आम्ही जेवत होतो.

आता वाढपी शंभर आणि जेवणारा एक. हॅरी पॉटर मराठी बोलतो, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मराठीत आलं आहे. फोन उघडावा तर ‘मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ समोर उभी. त्यातली निम्मी बारा-बारा खंडांची. बारा खंड म्हणजे माझं एक वर्ष आणि वर एक महिना उचल! कर्ज देताना आम्ही दोन जामीन मागतो. इथे एक अख्खं वर्ष कोणाच्या सांगण्यावरून देऊन टाकायचं?

या बाबतीत मला नारळीकरांची गोष्ट फार उपयोगी पडली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा-स्पर्धा घेतली. जयंत विष्णु नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. आपलं नाव पाहून परीक्षक भारावतील, म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं! पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची वाखाणणी केली, आणि विज्ञानकथेला घरच्या ओसरीवर पाट मिळाला. पुढे २०२१च्या नाशिक संमेलनाचे नारळीकर अध्यक्षच झाले.

यातून मी पहिला नियम काढला तो असा. पुस्तक नाव न पाहता निवडावं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांना मी सौभाग्यवतीकडून वर्तमानपत्राचं कव्हर घालून घेतो. दहा पानं वाचायची. नंतर पुढे काय झालं असेल या विचाराने काउंटरवर पैसे मोजताना आकडा चुकायला लागला, तर पुस्तक मंजूर. कव्हर काढल्यावर कधी आत नामवंत निघतात, कधी ज्यांचं नावही कोणी घेत नाही असे कुणी निघतात. हिचं म्हणणं, या उद्योगात पुस्तकांपेक्षा रद्दी जास्त खर्च होते. पण तिने हाच नियम मालिकांना लावला आणि संध्याकाळच्या दोन बंद केल्या.

दुसरा नियम मला हवेने शिकवला. आमच्याकडची हवा खारी. पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, मीठ पाणी होतं, आणि पुस्तकांना कसर लागते. त्यात ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ आलं. आमच्या वाचनालयाचे पत्रे उडाले. दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली तशी अंगणात चादरी अंथरून पुस्तकं वाळत घातली, सांडगे घालावे तशी. मंगळ, पाताळ आणि चंद्रलोक शेजारीशेजारी पडून सुकत होते. शेजारच्या आजी काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. नवी इंग्रजी भाषांतरं भिजली होती, त्यांची यादी करून पुन्हा मागवली. तीन महिन्यांत आली. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, कुठल्या तरी लहान प्रकाशकाने काढलेल्या मराठी विज्ञानकादंबऱ्यांचा विटेसारखा लगदा झाला होता. त्या मागवायच्या कुठून? प्रकाशक राहिला नाही, लेखक राहिला नाही. ग्रंथपालबाईंनी नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘बाद’ असं लिहिलं. आम्ही बँकवाले बुडीत कर्ज लिहून काढतो ना, तसं. फरक इतकाच, की तिथे बुडवणारा असतो. इथे कुणीही काही बुडवलं नव्हतं. आपण वाचू म्हणत राहिलो होतो, एवढंच.

२०२५च्या मे महिन्यात नारळीकरही गेले. त्यांची पुस्तकं मिळतात, मिळत राहतील. पण त्यांच्या पाठोपाठ ज्या अनेकांनी दिवाळी अंकांतून एकेक ग्रह वसवला, त्यांचं काय?

म्हणून आता माझा हिशेब साधा आहे. ज्या ठेवीची मुदत आधी संपते, ती आधी हाताळायची. जगभर गाजलेलं पुस्तक थांबायला तयार असतं. ते मला नाही भेटलं तर माझ्या नातवाला भेटेल. कपाटाच्या खालच्या फळीवरचं, शिवण उसवलेलं पुस्तक पुढचा पावसाळा काढीलच असं नाही. नाव झाकून दहा पानं वाचायची, त्यात जीव असला तर त्याचा नंबर पहिला. ते वाचून मी चार जणांना सांगितलं, तर निदान चार जणांत ते शिल्लक राहील.

या महिन्याला ‘नवल’च्या जुन्या अंकांचा बांधीव गठ्ठा निवडला आहे. ग्रंथपालबाईंनी तो झटकून दिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “भाऊ, मधली सोळा पानं कसरीने खाल्लीत. शेवट मात्र शाबूत आहे. चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” मी म्हटलं. “परग्रहावर जायचं आहे बाई. मधे थोडी पोकळी असायचीच.”

बाईंनी तारखेचा शिक्का मारला. खात्यावर शिल्लक तीनशे एकोणतीस.