पहाटे साडेचारची मुदत

नोव्हेंबर 2013
ड्रुपल 7 या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीच्या डेटाबेस विभागातला एक बग सार्वजनिक यादीत नोंदवला जातो. हा बग बाहेरच्या माणसाच्या हातात काय देतो, हे कुणी विचारत नाही. साधी चूक म्हणून नोंद पडून राहते.

16 सप्टेंबर 2014
ग्राहकाचा कोड तपासताना जर्मनीच्या सेक्शनआइन्स कंपनीचे स्टेफान होर्स्ट त्याच जागी पोहोचतात. ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला कळवलं जातं. ॲमस्टरडॅमचं ड्रुपल संमेलन तोंडावर असल्याने दुरुस्ती पुढे ढकलतात.

15 ऑक्टोबर, संध्याकाळी 6
इकडे महाराष्ट्रात, चाळीसगावात विधानसभेच्या मतदानाची वेळ संपते. यंत्रं सील होऊन बंदोबस्तात स्ट्राँगरूमकडे जातील. तिथे पहिला प्रश्न असतो, यंत्राला हात कोण लावू शकतो? कोडबद्दलही तोच आधी विचारायला हवा होता.

रात्री 9:30
भारतीय वेळेनुसार याच सुमारास ड्रुपलची 7.32 ही दुरुस्त आवृत्ती जाहीर होते. दुरुस्ती एका ओळीची. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी यादी पाठवली, की त्या यादीतली लेबलं न तपासता थेट डेटाबेसच्या आज्ञेत शिरत. पासवर्ड नसलेला कुणीही त्यातून प्रशासक होऊ शकत होता. साइट मात्र नेहमीसारखी चालू राही. म्हणूनच हे भोक ओळखणं अवघड. फॉर्म अडकला, पान कोरं आलं, तर दुसऱ्या दिवशी तक्रार येते. इथे तक्रार करणार कोण?

त्यानंतरचे काही तास
जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवली की हल्ला कुठे करायचा ते कळतं. स्वयंचलित हल्ले सुरू होतात. आपल्याकडे संस्थेची साइट कुणीतरी एकदा करून देतो आणि पुढे तिच्याकडे बघणारं कुणी उरत नाही. मतदानाच्या रात्री तर कोण जागं असणार!

16 ऑक्टोबर, पहाटे 4:30
मुदत संपली, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नाही.

29 ऑक्टोबर
ड्रुपलचं पथक जाहीर करतं: घोषणेनंतर सात तासांत दुरुस्त न झालेली प्रत्येक ड्रुपल 7 साइट फुटली आहे असंच धरा. आता 7.32 टाकून आत ठेवलेला चोरदरवाजा निघत नाही. 15 ऑक्टोबरच्या आधीच्या बॅकअपवरून साइट पुन्हा उभी करा. आणि तुम्ही न लावलेली दुरुस्ती आधीच लागलेली दिसली, तर जास्त सावध व्हा. दुसरा कुणी आत येऊ नये म्हणून काही हल्लेखोरांनी ती स्वतःच लावली होती.