मीठ टाकलं आणि सोनं निळं झालं

आजचा एपिसोड आहे एका लाल रेघेबद्दल.

कोविडच्या काळातली ती अँटिजेन टेस्टची पट्टी आठवा. ‘सी’समोर एक रेघ आलीय, आता ‘टी’समोर दुसरी येते का, म्हणून अख्खं घर तिच्याकडे टक लावून बसलेलं. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी पण तशीच. अशा बऱ्याच पट्ट्यांवरचा तो लाल रंग शाईचा नसतो, तो सोन्याचा असतो. खरंखुरं सोनं, पण केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण.

आता तुम्ही म्हणाल, सोनं तर पिवळं! हो, दागिन्यातलं पिवळंच. पण कण काही दहा नॅनोमीटरचा झाला, की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात हलतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात. आपल्या डोळ्यांपर्यंत उरतो तो लाल. हेच कण एकमेकांना चिकटून गोळा झाले, की शोषणारा रंग बदलतो आणि पाणी जांभळं, मग निळं दिसायला लागतं. सोनं गंजत नाही हे खरं, पण हे बारीक सोनं गोळा व्हायला टपलेलं असतं. आजची सगळी गोष्ट या गोळा होण्याचीच आहे.

चला, लंडनला. ५ फेब्रुवारी १८५७. विजेच्या प्रयोगांसाठी आपण ज्याला ओळखतो तो मायकेल फॅरेडे रॉयल सोसायटीसमोर सोनं आणि प्रकाश यांच्यावर व्याख्यान देतो. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्याने माणकासारखं लाल पाणी बनवलं होतं. ते पारदर्शक दिसायचं, पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसायची. म्हणजे सोनं विरघळलेलं नाही, कण होऊन तरंगतंय, हे त्याने ओळखलं. त्याकाळी ते कण दाखवू शकेल असा मायक्रोस्कोपच नव्हता!

मग त्यात मीठ टाकलं. लाल पाणी निळं झालं. पण आधी थोडं जिलेटिन घातलं तर? मीठ टाकूनही लाल रंग टिकला.

मिठाने नेमकं काय होतं? प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर ढकलतात. मीठ तो भार झाकून टाकतं. ढकलणं थांबतं, कण जवळ येतात आणि चिकटतात. जिलेटिन मात्र प्रत्येक कणाला अंगरखा घालतं. आता गंमत बघा, आपलं रक्तही खारट आहे. म्हणजे उघडं सोनं रक्तात घातलं तर त्याचं काय होईल, हे १८५७ मध्येच दिसलं होतं.

पुढे रिचर्ड झिग्मोंडी या शास्त्रज्ञाने या अंगरख्याचं मोजमाप ठरवलं. १० मिलिलिटर लाल सोनं, त्यात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर पाणी. रंग बदलू नये म्हणून किती मिलिग्रॅम पदार्थ लागतो? तो आकडा म्हणजे ‘गोल्ड नंबर’. जिलेटिनचा साधारण ०.००५ ते ०.०१, स्टार्चचा थेट २० च्या घरात. आकडा जितका छोटा, तितका अंगरखा दमदार. झिग्मोंडीला १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दरम्यान हे सोनं दवाखान्यात पोचलं होतं. १९१२ मध्ये कार्ल लांगे याने मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस ओळखण्यासाठी टेस्ट काढली. रुग्णाच्या मणक्यातलं पाणी वेगवेगळं पातळ करून सोन्याच्या नळ्यांमध्ये घालायचं आणि कुठल्या नळीत रंग किती बदलतो ते बघायचं. पुढची काही दशकं ही टेस्ट वापरात होती. पण रंग तसाच बदलायची इतरही कारणं निघाली, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही तोच नमुना दिसायचा. सिफिलिसचा नुसता संशयसुद्धा माणसाची अब्रू घालवायचा, त्या काळात! मला वाटतं, या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा इथेच आहे. सोनं गोळा होणं पुरेसं नाही, ते कोणामुळे गोळा झालं हे कळलं पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, दरवेळी सारखे निघणारे कण. १९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी उकळत्या सोन्याच्या द्रावणात सिट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घालायची पद्धत नीट अभ्यासली. कण साधारण २० नॅनोमीटरचे. सिट्रेटच सोन्याचे कण बनवतं आणि तेच त्यांना वेगळं ठेवतं. दुसरी गोष्ट, नेमकं ओळखणारा अंगरखा. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी सोन्यावर अँटिबॉडी चिकटवल्या आणि साल्मोनेला जिवाणूच्या पृष्ठभागावर त्या कुठे बसतात ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. सोनं जड धातू, त्यामुळे तिथे काळे ठिपके स्पष्ट उठून दिसतात. अंगरखाच आता पत्ता शोधायला लागला! आणि अँटिबॉडी पुरेशी बसली का, हे लॅबमध्ये आजही कसं तपासतात? मीठ टाकून. लाल राहिलं तर पास.

१९९६ मध्ये अमेरिकेत चॅड मर्किनच्या गटाने डाव उलटा टाकला. १३ नॅनोमीटरच्या कणांना गंधकाच्या बंधाने डीएनएचे धागे बांधले. हा बंध इतका पक्का की कण मिठातही टिकतात. जुळणारा डीएनए आला तरच कण एकत्र येतात आणि लाल पाणी निळं होतं. गरम केलं की कण सुटतात, पुन्हा लाल! फॅरेडेला जो बिघाड दिसला, तोच आता निरोप झाला.

आणि आपलं पुणं? २००४ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री यांच्या गटाने चक्क गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण बनवले. गोल कणांसारखे ते फक्त हिरव्यावर थांबत नाहीत, अवरक्त प्रकाशही शोषतात. हा प्रकाश शरीरात जास्त खोल जातो. म्हणूनच आतलं चित्र घेण्यासाठी सोन्याच्या अशा वेगवेगळ्या आकारांवर जगभर काम चालू आहे.

तर पुढच्या वेळी पट्टी हातात आली की आधी ‘सी’ची रेघ बघा. तिथे सोन्याचे कण आजार असो वा नसो, पकडले जातातच. ती रेघ आली, म्हणजे सोनं वाहत तिथवर पोचलंय आणि त्याचा अंगरखा अजून काम करतोय. नाही आली, तर ‘टी’ काहीही म्हणो, ती टेस्ट धरायची नाही.

भेटूया पुढच्या भागात!