बिघाडाची नोंद: तारेपासून संगणकापर्यंत

यंत्रांचा इतिहास लिहितांना तीं प्रथम केव्हां सुरू झालीं हें ग्रंथकार अगत्यानें सांगतात. परंतु तीं केव्हां बंद पडलीं, किती वेळ बंद राहिलीं व बंद पडल्याचें प्रथम कोणाच्या लक्षांत आलें, या प्रश्नांकडे फारसें कोणी वळत नाहीं. उत्सवाची तारीख कोरून ठेवावी आणि दुखण्याची विसरून जावी, हा मनुष्यस्वभावच आहे. तथापि एकाद्या सोयीवर लोकांचा भरंवसा किती बसला आहे याचें खरें माप ती सोय तुटली म्हणजेच मिळतें. म्हणून बिघाडाची नोंद कोणीं ठेवली, कशी ठेवली व ती खरी कोणीं मानली, याचा मागोवा घेणें हें आम्हांस इतिहासाचेंच काम वाटतें.

या मागोव्यासाठीं आम्ही एका लहान गांवाची बैठक निवडली आहे. पुण्याहून नाशिककडे जातांना राजगुरुनगर मागें टाकल्यावर, मंचरच्या अलीकडे, आंबेगांव तालुक्यांतील पेठ हें गांव लागतें. शेजारींच अवसरी खुर्द येथें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच रस्त्यानें पुढें गेल्यास नारायणगांव येतें आणि त्याच्या आसपास, जुन्नर तालुक्यांत, आर्वी व खोडद हीं दोन गांवें आहेत. दळणवळणाच्या इतिहासांत या लहानशा पट्ट्याला जें स्थान मिळालें आहे, तें मोठमोठ्या शहरांनाहि मिळालेलें नाहीं. त्याची हकीकत पुढें ओघानें येईल.

आपल्या देशांत विजेच्या तारेचा पहिला प्रयोग डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्यास केला. १८५१ मध्यें कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली व १८५५ च्या आरंभीं तारखातें सर्वसामान्य लोकांस खुलें झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं जो प्रसंग घडला, तो बिघाडाच्या इतिहासाचा पहिला धडा म्हणतां येईल. १० मे १८५७ रोजीं दिल्लीच्या तारघरांत मेरठकडून येणारे संकेत थांबले. तारवाल्यांनीं रीतीप्रमाणें तपास केला आणि दोष यमुनेच्या पलीकडे आहे एवढें ताडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तारघराचे प्रमुख चार्ल्स टॉड हे लाइन पाहण्यासाठीं नदीपार गेले, ते परत आले नाहींत. तार आपोआप तुटलेली नव्हती. मेरठची फौज उठली होती व ती दिल्लीच्या वाटेवर होती. दोषाचें ठिकाण बरोबर सांपडलें, पण दोषाचें कारण मात्र कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. यंत्र मुकें झालें म्हणजे यंत्राचेंच कांहीं बिनसलें असें समजणें किती धोक्याचें असतें, हें या हकीकतीवरून कळून यावें.

पुढील काळांत दोषाची जागा शोधण्याची विद्या फार सूक्ष्म झाली. तारेचा विरोध तिच्या लांबीच्या प्रमाणांत असतो. यावरून व्हीट्स्टनच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मोजणीच्या रीतीनें, कचेरींत बसून, तार अमुक मैलांवर जमिनीला टेकली आहे असें सांगतां येऊं लागलें. मग लाइनमन शिडी व तार घेऊन नेमका तेथें जाई. या पद्धतींत बिघाडाचा साक्षीदार एकच, तो म्हणजे खात्याचा माणूस. ज्याची तार पोंचली नाहीं त्या गिऱ्हाइकाला या कामांत कांहींच स्थान नव्हतें. आपली तार वाटेंत अडली हें त्याला बहुधा उत्तर आलें नाहीं म्हणजे कळे. ही तारसेवा आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली.

टेलिफोन आला आणि हें चित्र पालटलें. मुंबईंत पहिलें एक्स्चेंज १८८२ सालीं उघडलें. टेलिफोन हें यंत्र गिऱ्हाइकाच्या घरांतच बसलेलें असल्यामुळें तें बंद पडल्याचें प्रथम त्यालाच कळूं लागलें. ‘फोन डेड आहे’ हें वाक्य मध्यमवर्गीय घरांतून किती वेळां उच्चारलें गेलें असेल, याचें स्मरण अनेक वाचकांस असेल. शेजाऱ्याच्या घरीं जाऊन १९८ हा आंकडा फिरवावा, तक्रार सांगावी, तिचा क्रमांक कागदाच्या कपट्यावर उतरून घ्यावा आणि लाइनमनची वाट पाहावी, असा तो क्रम होता. त्यांत विलंब होता, कधीं चिरीमिरीहि होती; तथापि एक गोष्ट निःसंशय चांगली होती. एका माणसाची एक तक्रार नोंदवहींत एका ओळीची धनी होत असे. गांव लहान असो वा मोठें, त्या ओळीला क्रमांक असे, तारीख असे, आणि ती खोडल्याशिवाय ते प्रकरण मिटलें असें कोणी म्हणूं शकत नसे.

आतां आर्वीकडे वळूं. १९७१ पूर्वीं परदेशीं बोलावयाचें तर मुख्यतः लघुलहरींच्या रेडिओवर अवलंबून राहावें लागे, आणि आकाशांतील विद्युद्भारित थरांच्या लहरीप्रमाणें आवाज कधीं स्वच्छ येई, कधीं मुळींच येत नसे. त्या वर्षीं आर्वी येथें उपग्रहाशीं संपर्क साधणारें देशांतील पहिलें व्यापारी भूकेंद्र सुरू झालें. पुढें त्यास विक्रम साराभाई यांचें नांव देण्यांत आलें. अशा केंद्रांना एक विलक्षण बिघाड ठाऊक असतो. विषुवदिनांच्या आगेंमागें कांहीं दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशीं येतो आणि त्याच्या प्रचंड गोंगाटांत उपग्रहाचा क्षीण स्वर कांहीं मिनिटें बुडून जातो. हा खंड ज्योतिषाच्या गणितानें आधींच वर्तवितां येतो, म्हणून त्याची तक्रार कोणी करीत नाहीं. जवळच खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तेथें सारें उलट आहे. आपण ज्याला उत्तम संदेशवहन म्हणतों, तोच त्या दुर्बिणीच्या दृष्टीनें उपद्रव ठरतो. बिघाड ही वस्तु पाहणाऱ्याच्या जागेवर किती अवलंबून असते, हें या दोन शेजारी गांवांइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. त्यानंतरच्या पिढींत एक नवा कारागीर जन्मास आला, तो प्रोग्राम लिहिणारा. त्याचा कारखाना, त्याचें कोठार व त्याची चावडी हीं तिन्ही आतां एकाच ठिकाणीं, दूरच्या संगणकांवर असतात. २००५ सालीं लायनस टोरवाल्ड्स यांनीं ‘गिट’ नांवाचें साधन निर्माण केलें. त्यामुळें प्रोग्रामच्या प्रत्येक फेरफाराची नोंद राहते आणि प्रत्येक कारागिराच्या संगणकावर त्या सबंध इतिहासाची नक्कल असूं शकते. या साधनावर उभारलेलें ‘गिटहब’ हें सामाईक ठिकाण २००८ सालीं सुरू झालें. अवसरीचा विद्यार्थी असो कीं अमेरिकेंतील मोठी कंपनी असो, आपलें लेखन तेथें ठेवण्याचा प्रघात आतां जगभर पडला आहे.

असें ठिकाण बंद पडलें तर काय होतें? २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रकाशतंतूंचें एक उपकरण बदलीत असतां गिटहबच्या दोन केंद्रांमधील संबंध अवघा ४३ सेकंद तुटला. तेवढ्या अवधींत यंत्रांनीं आपण होऊन कारभार दुसऱ्या किनाऱ्यावर सोंपविला. दोन्हीकडे थोडें थोडें असें लेखन झालें कीं जें दुसरीकडे पोंचलें नव्हतें. हा गुंता सोडविण्यास २४ तास ११ मिनिटें लागलीं. आपल्या घड्याळानें हिशेब केल्यास सोमवार, २२ ऑक्टोबरच्या पहाटेपासून मंगळवारच्या पहाटेपर्यंतचा हा काळ होतो. म्हणजे पश्चिमेचा रविवार-सोमवार वांटून गेला, पण आपला कामाचा सबंध दिवस त्यांत सांपडला. कंपनीनें नंतर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें, हें तिला भूषणावह आहे. त्याच्या आदल्या वर्षीं, ३१ जानेवारी रोजीं, ‘गिटलॅब’ या तशाच ठिकाणीं एका कामगाराच्या हातून मुख्य भांडारच पुसलें गेलें. राखून ठेवलेल्या प्रती ऐन वेळीं निरुपयोगी ठरल्या आणि सुमारें सहा तासांचें काम गमवावें लागलें. मात्र दुरुस्ती कशी चालली आहे हें त्यांनीं उघड्यावर, सर्वांच्या देखत केलें.

यानंतर महिनाभरानें, २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं, अॅमेझॉनच्या साठवणीचें एक प्रचंड कोठार एका चुकीच्या आज्ञेमुळें बंद पडलें. कोठाराची प्रकृति कळविणारा कंपनीचा फलकहि त्याच कोठारावर अवलंबून होता. परिणामीं निम्में जग अडलें असतां फलकावर सुमारें दोन तास ‘सर्व ठीक आहे’ अशीच खूण झळकत राहिली. वैद्याची नाडी आणि रोग्याची नाडी एकच असली म्हणजे असेंच व्हावयाचें!

अशा वेळीं लोकांचीच साक्ष उपयोगी पडते, आणि या साक्षी गोळा करण्याची युक्ति २०१२ सालीं नेदर्लंड्समध्यें सुरू झालेल्या ‘डाउनडिटेक्टर’नें लोकप्रिय केली. तिचें तत्त्व सोपें आहे. कोणत्याहि सेवेविषयीं रोज कांहीं तुरळक तक्रारी येतच असतात. दिवसाच्या अमुक प्रहरीं त्या सामान्यतः किती येतात हें आधीं पाहून ठेवावयाचें; आणि एकाएकीं त्यांची संख्या त्या नेहमीच्या मानापेक्षां पुष्कळ वाढली तर बिघाड झाला असें समजावयाचें. आलेख पर्वतासारखा उंचावला कीं कंपनीचा फलक कांहींहि म्हणो, शहाणा मनुष्य काय तें ओळखतो. गिऱ्हाइकाच्या साक्षीला संस्थेच्या साक्षीच्या बरोबरीनें बसविणारी ही पद्धत आम्हांस लोकशाहीच्या वृत्तीस साजेशी वाटते. तिच्यांत दोषहि आहेत. घरचा मोबाइल बंद पडला असतां लोक दुसऱ्याच कोणाला बोल लावतात, आणि बातमी पसरली म्हणजे ज्यांचें कांहीं अडलें नाहीं तेहि ओरड करूं लागतात. परंतु हे दोष गणितानें बव्हंशीं निवारतां येतात.

खरा दोष निराळा आहे, आणि तो पेठेसारख्या गांवीं बसल्यावांचून दिसत नाहीं. ही सारी पद्धत संख्येच्या उसळीवर उभी आहे. न्यूयॉर्कमध्यें वा मुंबईंत दहा मिनिटें खंड पडला तर हजारों हात तक्रारीसाठीं उठतात. पेठेंत रस्त्याच्या खोदकामांत प्रकाशतंतु तुटला, अथवा वीज जाऊन मनोऱ्याची बॅटरी उतरली, तर गिटहब बंद असल्याचा अनुभव तेथील विद्यार्थ्यास तंतोतंत तसाच येतो; त्याचें काम अडतें, परीक्षेचा प्रकल्प मुदतींत पोंचत नाहीं. मात्र अशीं माणसें पांच-पंचवीस. त्यांच्या तक्रारींनीं आलेखाची रेषा केंसभरहि हालत नाहीं. शिवाय ज्याचा जोडच तुटला त्यानें तक्रार नोंदवावी तरी कशी? म्हणजे जो सर्वांत अधिक नाडला गेला, त्याचीच नोंद सर्वांत कमी!

सरकारी नियमांचें मापहि कांहींसें असेंच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम केले. एकाद्या जिल्ह्यांतील सेवा चार तासांहून अधिक काळ बंद पडल्यास कंपनीनें ती गोष्ट चोवीस तासांच्या आंत कळवावी आणि खंड चोवीस तासांवर गेल्यास ग्राहकास भरपाई द्यावी, असा त्यांतील एक दंडक आहे. हा नियम स्तुत्य आहे, याविषयीं वाद नाहीं. पण त्याचें एकक जिल्हा हें आहे. पुणें जिल्हा केवढा अफाट! त्यांत एकटें पेठ दिवसभर मुकें राहिलें तर तें या व्याख्येंत कोठें बसावें?

यावर उपाय काय, असें वाचक विचारतील. जुन्या एक्स्चेंजच्या नोंदवहींत जी एक गोष्ट चांगली होती, ती पुन्हां आणणें एवढाच उपाय आम्हांस सुचतो. अवसरीसारख्या महाविद्यालयानें, गांवच्या शाळेनें अथवा ग्रामपंचायतीनें एक वही घालावी. सेवा केव्हां थांबली, केव्हां पूर्ववत् झाली, त्या वेळीं वीज होती कीं नव्हती, एकच सेवा अडली होती कीं सर्वच, एवढ्या चार गोष्टी तारखेसह लिहाव्या. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण एकच सेवा अडली तर दोष बहुधा दूरदेशीं असतो, सर्वच अडल्या तर तो बहुधा आपल्याच शिवारांत असतो. यमुनाकांठच्या तारवाल्यांनीं केलेला तपास हाच होता. ही वही वर्षभर चालली तर तिच्या बळावर गांवाला कंपनीपुढें व प्राधिकरणापुढें नेमकेपणानें बोलतां येईल. आणि विद्यार्थ्यांनींहि गिटची मूळ शिकवण विसरूं नये: सबंध इतिहासाची नक्कल स्वतःच्या संगणकावर असल्यास दूरचें कोठार दिवसभर बंद राहिलें तरी लिहिण्याचें काम थांबत नाहीं.

आमच्या दप्तरखान्यांतून राजांच्या स्वाऱ्यांचे कागद जपून ठेवलेले आहेत, ते योग्यच आहे. पण पुढील शतकांतील संशोधक जेव्हां विचारील कीं या काळांत खेड्यांतील मुलांना नव्या विद्येचा लाभ खरोखर किती मिळाला, तेव्हां उद्घाटनांच्या तारखा त्याच्या फारशा उपयोगीं पडणार नाहींत. किती दिवस ती विद्या त्यांच्या दारांत येऊन परत गेली, हें त्याला पाहावें लागेल. आणि तें सांगणारी वही आज कोणीं घातली असेल तरच त्याला तें दिसेल.