सीमेवरचा कर आणि ‘बरोबरीचा बोजा’: कार्बन गळतीच्या आधीची गोष्ट

सोयगावहून उत्तरेला निघालात की थोड्याच वेळात जळगाव जिल्हा लागतो. आज ही हद्द ओलांडताना कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या पणजोबांच्या पिढीला मात्र ती दोन राज्यांची हद्द होती. इकडे निजाम, तिकडे खानदेशात इंग्रज. निजामाच्या राज्याचं स्वतःचं जकात खातं होतं, त्याला ‘करोडगिरी’ म्हणायचे. माल हद्दीतून आला-गेला की कर भरायचा.

आता एक साधा प्रश्न. हद्दीच्या एका बाजूला एखादा नियम कडक आहे आणि दुसऱ्या बाजूला तो नाहीच, तर कारखाना काढणारा माणूस कुठे जाईल? उत्तर तुम्हाला माहीत आहे. कार्बन गळती म्हणजे नेमकं हेच. एका देशाने धुरावर कर लावला, म्हणून कारखाना कर नसलेल्या देशात गेला किंवा तिथला स्वस्त माल पहिल्या देशात येऊ लागला, तर धूर कमी होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. हवा काही सीमा ओळखत नाही.

हे थांबवायला युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केला. त्याचं नाव कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम, थोडक्यात ‘सीबॅम’. पीएचडीच्या मुलाखतीला गेलात आणि विषय पर्यावरण, अर्थशास्त्र किंवा मटेरियल सायन्सचा असला, तर यावर प्रश्न येण्याची शक्यता बरीच आहे. बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक उत्तर देतात: ‘हे हवामानासाठी आहे’ किंवा ‘हा युरोपचा स्वार्थ आहे’. मीही पहिल्या वर्षी असंच उत्तर दिलं होतं. समोरच्या सरांनी एवढंच विचारलं, “दोन्ही खरं असेल तर?” मी गप्प बसलो. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि ते मला मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडलं.

आधी सीबॅम दोन मिनिटांत

युरोपमध्ये २००५ पासून कारखान्यांना कार्बन डायऑक्साइड सोडण्यासाठी परवाने लागतात. कारखाने बाहेर पळू नयेत म्हणून पोलाद, सिमेंट अशा उद्योगांना बरेच परवाने फुकट दिले जात. आता ते टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत आणि त्यांच्या जागी सीमेवर आकारणी येते आहे. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज ही त्यातली क्षेत्रं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना फक्त माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. सुरुवात छोटी आहे. २०२६ साठी बोजा फक्त अडीच टक्के, पण २०३० मध्ये तो साडेअठ्ठेचाळीस टक्के आणि २०३४ मध्ये पूर्ण शंभर टक्के होणार.

पोलादच का? तर झोतभट्टीत कोळसा नुसता जळत नाही. खनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचं काम त्यातला कार्बन करतो. म्हणजे कार्बन हा तिथे फक्त इंधन नाही, तो अभिक्रियेतला भागीदार आहे. त्यामुळे भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या जालन्याच्या भट्ट्या वेगळ्या: तिथे मुख्यतः भंगार विजेवर वितळवून सळया होतात. पण भंगारासोबत कोळशावर तयार झालेलं स्पंज आयर्न घातलं, तर त्याचा कार्बनही हिशोबात येतो. भट्टीतून धूर दिसत नाही म्हणजे कार्बन नाही, असं होत नाही.

पहिली गोष्ट: १८८१ चा फॅक्टरी कायदा

आता मागे जाऊ. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढत गेल्या. इंग्लंडमध्ये १८४७ च्या कायद्याने स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांचे कामाचे तास दहावर आणले होते. मुंबईत असा कायदाच नव्हता. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले, आणि कामावर लहान मुलंही असत.

लँकेशायरचे गिरणीमालक म्हणू लागले की आम्ही नियम पाळतो, मुंबई पाळत नाही, ही स्पर्धा बरोबरीची नाही. ‘कामाचे तास’ हे शब्द काढून तिथे ‘कार्बन’ लिहा. वाक्य थेट आजचं वाटेल.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या बहुमताला कायद्याची गरज वाटली नाही. इकडच्या अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनीही कायद्याला विरोध केला: हा मँचेस्टरचा डाव आहे, आपला उगवता उद्योग मारायचा आहे. त्यांचा संशय चुकीचा नव्हता, लँकेशायरचा हेतू खरंच शुद्ध नव्हता. पण त्याच मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली हे समाजसुधारक कामगारांसाठी कायदा हवा म्हणून स्वतः मसुदा करत होते. म्हणजे तीच मागणी दोन वेगळ्या तोंडांतून, दोन वेगळ्या कारणांसाठी येत होती.

१८८१ चा कायदा झाला तो अगदी तोकडा. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मोठ्यांच्या तासांबद्दल काहीच नाही.

खरा बदल झाला तो कामगार स्वतः बोलायला लागल्यावर. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या वतीने निवेदन गेलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाला तर भरपाई अशा मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही सभेत बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात मुलांचं किमान वय नऊ झालं आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

म्हणजे लँकेशायरने सुरुवात केली स्वतःच्या फायद्यासाठी, पण ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनी तो धागा पकडून स्वतःचं काहीतरी विणलं.

दुसरी गोष्ट: १८९६ ची कापडावरची अबकारी

आता हाच ‘बरोबरीचा बोजा’ उलट्या बाजूने बघा. रुपयाची किंमत घसरल्याने हिंदुस्थान सरकारची तिजोरी अडचणीत आली आणि १८९४ मध्ये आयात मालावर पाच टक्के कर लागला. सुती माल आधी त्यातून वगळला होता, डिसेंबरमध्ये तोही आत आला. लँकेशायरने लगेच तक्रार केली: आमच्या कापडावर कर आणि मुंबईच्या कापडावर नाही, हे संरक्षण झालं. म्हणून वीस नंबरपेक्षा बारीक देशी गिरणीसुतावरही पाच टक्के अबकारी बसवली. एवढ्यानेही समाधान झालं नाही. १८९६ मध्ये विलायती कापडावरचा कर साडेतीन टक्क्यांवर उतरवला आणि देशी गिरण्यांच्या सगळ्या कापडावर तेवढीच, साडेतीन टक्के अबकारी लावली.

कागदावर काटा एकदम समतोल दिसतो. पण देशी गिरण्या मुख्यतः जाडंभरडं कापड काढत, लँकेशायरचा माल बहुतांशी तलम. जिथे स्पर्धाच फारशी नव्हती, तिथे ‘स्पर्धा बरोबरीची करायला’ कर आला. तो शेवटी कुणावर पडला? जाडंभरडं नेसणाऱ्या शेतकऱ्यावर आणि मजुरावर. केसरीतून टिळकांनी याविरुद्ध रान उठवलं, विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली गेली. तरी ही अबकारी १९२५ च्या डिसेंबरमध्ये स्थगित होईपर्यंत टिकली आणि १९२६ मध्ये रद्द झाली. तीस वर्षं!

मग फरक कुठे पडला?

दोन्ही वेळा मागणी करणारे तेच, शब्दही तेच. पण एका कायद्यातून मुलांचं बालपण थोडंफार वाचलं आणि दुसऱ्याने गरिबाचं धोतर महाग केलं. म्हणून ‘हेतू काय होता?’ या प्रश्नावर थांबू नका. मी त्यापुढे तीन प्रश्न विचारतो.

पहिला: दूर करायचं नुकसान खरं आहे का? १८८१ मध्ये होतं. गिरणीतलं मूल खरं होतं. १८९६ मध्ये देशी जाड्या कापडाने लँकेशायरचं म्हणावं असं नुकसान होत नव्हतं. कार्बनच्या बाबतीत हवामानाचं नुकसान खरंच आहे, मराठवाड्यातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. मात्र ‘गळती’ किती झाली हा वेगळा, मोजण्याचा प्रश्न आहे. युरोपच्या परवाना पद्धतीवरच्या आतापर्यंतच्या बहुतेक अभ्यासांत मोठी गळती आढळलेली नाही. अर्थात परवाने फुकट मिळत होते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

दुसरा: बोजा शेवटी कुणाच्या पाठीवर? सीबॅमच्या यादीत पोलादी स्क्रू आणि बोल्टही आहेत. मोठी कंपनी उत्सर्जन मोजायला माणसं नेमेल. छोट्या कारखान्याकडे स्वतःची मोजणी नसेल, तर ठरवून दिलेले आकडे लागू होतात आणि ते चढेच असतात. म्हणजे धूर कमी असूनही हिशोब नाही म्हणून जास्त पैसे. जाड्याभरड्या कापडाची आठवण इथे येते.

तिसरा: पैसा कुठे जातो आणि बोलायला कोण बसतं? सीबॅमची रक्कम युरोपच्या तिजोरीत जाते. पण माल जिथे तयार झाला त्या देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त केला आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. ही किंमत इथे वसूल झाली, तर पैसा इथे राहील. मग तो जालन्याच्या भट्टीला स्वच्छ वीज द्यायला वापरायचा की आणखी कशाला, हे आपण ठरवू शकू. त्याच वेळी ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांची जबाबदारी जास्त, हा १९९२ च्या रिओ परिषदेपासूनचा मुद्दाही सोडायचा नाही. लोखंड्यांनी असंच केलं. लँकेशायरचा स्वार्थ दिसत होता म्हणून त्यांनी कामगाराची मागणी सोडली नाही, आणि कामगाराची मागणी मांडली म्हणून ते लँकेशायरचे झाले नाहीत.

तुमच्यासाठी गृहपाठ

ब्रिटिश हिंदुस्थानचा फॅक्टरी कायदा निजामाच्या हद्दीत लागू नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद आणि गुलबर्ग्याला गिरण्या होत्या. मग नियम टाळायला भांडवल हद्द ओलांडून इकडे आलं का? की कापूस, रेल्वे आणि मजूर जवळ होते म्हणून आलं? दोन्ही कारणं एकाच वेळी हजर असताना त्यातलं एक वेगळं कसं काढाल? कार्बन गळती मोजणाऱ्या प्रत्येकापुढे आज हाच पेच आहे.

हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. कोणते आकडे लागतील, ते कोणत्या दप्तरात असू शकतील आणि काय सापडलं तर तुमचं म्हणणं चुकीचं ठरेल, या तीन ओळी त्याच्याखाली लिहा. एवढं जमलं की तुमच्या संशोधन आराखड्याचं पहिलं पान तयार झालं समजा. आणि मुलाखतीत कुणी विचारलं, “दोन्ही खरं असेल तर?”, तर माझ्यासारखं गप्प बसू नका.